यादीतले अकरा: न पाहिलेल्या भयपटांचं एक प्रकरण

"पण तिने ते पैसे चोरलेले असतात कशासाठी?" कुणीतरी सहज विचारलं आणि माझा मावसभाऊ एकदम गप्प झाला. त्याआधीची दहा मिनिटं तोच बोलत होता. 'सायको'मधलं न्हाणीघर, पडद्यामागची सावली, सुरा, किंचाळणारी व्हायोलिनं, रक्त म्हणून वापरलेलं चॉकलेट सिरप. सगळं तोंडपाठ. आणि पैशांचा प्रश्न आल्यावर तो म्हणाला, "कुठले पैसे?"

'सायको'ची सुरुवातीची जवळजवळ पाऊण तासाची गोष्ट त्या चोरीचीच आहे. चाळीस हजार डॉलर. पाहणारा एखाद्या पात्राचं नाव विसरेल, पण त्या पाकिटातल्या नोटा विसरणार नाही. चारचौघांत पितळ उघडं पडलं. त्या वेळी त्याने विषय बदलला, पण घरी परतताना वाटेत म्हणाला, "ताई, मी 'सायको' पाहिलेलाच नाही. 'एक्झॉर्सिस्ट'पण नाही. खरं सांगू का, त्यातलं काहीच पाहिलेलं नाही."

हा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि भयपटांचा पक्का नादी आहे. गेल्या पंधरा वर्षांत आलेलं जवळपास सगळं त्याने पाहिलंय: कोरियन, स्पॅनिश, इंडोनेशियन. कुठल्या दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा कधी येतोय हेही त्याला माहीत असतं. म्हणून हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं. ज्याला आवड नाही त्याने जुने भयपट पाहिले नाहीत, तर त्यात काही नवल नाही. पण इतकी आवड असलेल्या माणसाकडून नेमके हेच कसे राहतात?

यादी

फोनमध्ये 'बघायचेत' नावाची यादी होती, तीन वर्षांपूर्वी केलेली. कॅलिगरी (१९२०), नोस्फेरातू (१९२२), ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन (दोन्ही १९३१), कॅट पीपल (१९४२), सायको (१९६०), द इनोसंट्स (१९६१), द हाँटिंग (१९६३), नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (१९६८), द एक्झॉर्सिस्ट (१९७३), टेक्सास चेनसॉ मॅसॅकर (१९७४). अकरा नावं, आणि एकापुढेही बरोबरची खूण नाही.

का पाहिले नाहीत म्हणून विचारलं तर ठरलेली उत्तरं आली. जुने आहेत, संथ असतील, शेवट माहीत आहे. ही उत्तरं माणूस सिनेमा न पाहताच देऊ शकतो, त्यामुळे मी ती बाजूला ठेवली आणि वेगळंच विचारलं: यातल्या किती सिनेमांना तू खरोखर बसला होतास?

आता काहीतरी हाती लागलं. 'कॅलिगरी'ला एकदा, दहा मिनिटं. 'नोस्फेरातू'ला दोनदा, दोन्ही वेळा वीसेक मिनिटं. 'इनोसंट्स'ला, क्रम सोडून, अर्धा तास. बाकीच्या आठांकडे तो फिरकलाच नव्हता, कारण त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: सुरुवात मुळापासून करायची, सालांच्या क्रमाने. नियम ऐकायला शिस्तीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याने दारातच एक मूकपट आडवा घातला होता आणि तो ओलांडता येईना म्हणून आतल्या घरात कधी पाऊलच पडलं नाही. 'नोस्फेरातू' आवडला नाही, म्हणून 'सायको' राहिला. असल्या साखळ्या आपण सगळेच कशाकशाच्या बाबतीत बांधत असतो म्हणा.

प्रत

"तुझ्याकडचा 'नोस्फेरातू' दाखव," मी म्हटलं. त्याने लावला, आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की याच्या जागी मी असते तर मीही बंद केला असता.

सगळी माणसं तुरुतुरु चालत होती. पत्र वाचणारा माणूस मान अशी हलवत होता की हसूच यावं. चित्र पांढुरकं, चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. मागे कुणीतरी ऑर्गन वाजवत होतं, त्याचा पडद्यावरच्या घटनांशी काडीचा संबंध नव्हता. आणि सगळं भर उन्हात चाललेलं. सिनेमातलं पिशाच्च, काउंट ऑर्लोक, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून रिकाम्या गावातून चालला आहे, ते दृश्य तर थेट विनोदी दिसत होतं, जणू कुणी भाड्याची खोली बदलतोय.

यातला जवळजवळ प्रत्येक दोष त्या प्रतीचा होता. मूकपटांच्या काळात कॅमेरे बहुधा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं पडत. बोलपट आल्यावर चोवीसचा वेग पक्का झाला. अठराने घेतलेलं चोवीसने दाखवलं की माणसं एक तृतीयांश जास्त वेगाने धावतात. 'जुन्या सिनेमात लोक असेच चालायचे' ही आपली समजूत इथूनच आली आहे. नीट जतन केलेली 'नोस्फेरातू'ची प्रत सुमारे ९४ मिनिटांची आहे. याच्याकडची सव्वा तासही भरत नव्हती.

वेगाचा आणखी एक घोटाळा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑर्लोकची घोडागाडी पाहुण्याला घ्यायला येते तेव्हा दिग्दर्शक मुर्नाऊने ती गाडी मुद्दाम अनैसर्गिक वेगाने पळवली आहे, आणि मधला एक तुकडा तर चक्क निगेटिव्हमध्ये दाखवला आहे, म्हणजे झाडं पांढरी आणि आकाश काळं. माणसांच्या जगातून दुसऱ्याच कुठल्या जगात शिरल्याची ती खूण आहे. पण सगळा सिनेमाच धावत असेल तर या एका धावण्याचं कुणाला काय वाटणार?

उन्हाचंही तसंच. तेव्हाच्या फिल्मवर आणि तेव्हाच्या दिव्यांत रात्री बाहेर चित्रीकरण करणं कठीण, म्हणून रात्रीची दृश्यं दिवसा घेतली आणि नंतर ते तुकडे निळ्या रंगात बुडवले. निळा म्हणजे रात्र हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. घरातल्या उजेडाला पिवळट, पहाटेला गुलाबी. पुढे स्वस्त नकला निघाल्या त्या नुसत्या काळ्यापांढऱ्या, आणि निळी रात्र पुसली जाऊन ऊन तेवढं उरलं. आता गंमत अशी की ऑर्लोक शेवटी मरतो तो सूर्यप्रकाशाने. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही वावरतो. उन्हाने पिशाच्च नष्ट होतं ही कल्पना या सिनेमाने रूढ केली. म्हणजे माझ्या भावाच्या प्रतीत सिनेमाभर उन्हात हिंडणारं पिशाच्च शेवटी उन्हानेच मरत होतं. "मग आधी का नाही मेला?" असं तो पहिल्या वेळी म्हणाला होता म्हणे. रास्त प्रश्न.

इतक्या वाईट नकला का फिरतात यालाही कारण आहे. हा सिनेमा स्टोकरच्या कादंबरीवरून परवानगी न घेता केलेला. नावं तेवढी बदलली. लेखकाची पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर कोर्टात गेली आणि १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. ज्या इकडे तिकडे वाचल्या, त्यांच्या नकलांच्या नकला होत गेल्या.

क्रम मोडला

मी दोनच गोष्टी सुचवल्या. सालांचा क्रम सोड. आणि सिनेमा लावण्याआधी प्रत तपास: लांबी किती, चौकट पूर्ण आहे का, चित्र कुठून घेतलंय. त्याने तिसरी गोष्ट स्वतःच ठरवली, की फोन दुसऱ्या खोलीत, दिवे बंद, आवाज पूर्ण.

सुरुवात 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने केली, कारण हलत्याचालत्या प्रेतांचे सिनेमे त्याने ढिगाने पाहिले होते. इथेही प्रतीचा प्रश्न होताच. सिनेमाचं आधीचं नाव बदलताना नावाच्या पाटीवरची हक्काची (कॉपीराइटची) ओळ गळली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसेल तर हक्कच जायचा. एका पाटीपायी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि मंडळींचा सिनेमा कुणीही छापावा असा झाला आणि लोकांनी तो जमेल तसा छापला. मूळ निगेटिव्हवरून केलेली स्वच्छ प्रत २०१६मध्ये आली. ती मिळाली.

तो पहिल्यापासून चुका काढायच्या तयारीनेच बसला होता. "यांना झोंबी का म्हणत नाहीत?" अख्ख्या सिनेमात तो शब्दच नाही. मग हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं. घरात कोंडलेली माणसं तळघरात जायचं की वर थांबायचं यावर भांडत राहतात, बाहेरच्यांपेक्षा आतल्यांचीच धास्ती वाटू लागते, आणि शेवट... तो मी लिहीत नाही. संपल्यावर तो म्हणाला, "हे मी वीस वेळा पाहिलंय. पण हे असं कुणीच संपवत नाही." शेवट माहीत आहे म्हणणाऱ्याला हा शेवट माहीत नव्हता. त्याला माहीत होते ते नंतरच्यांनी मवाळ केलेले शेवट.

पुढचा 'कॅट पीपल', लांबी सव्वा तासाच्या आत. याचा निर्माता वॅल लुटन. त्याला स्टुडिओची अट अशी की नाव आम्ही देऊ, खर्च दीड लाख डॉलरच्या आत आणि लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या आत; मधे काय करायचं ते तू बघ. मांजरबाईचा राक्षस दाखवायला पैसे नाहीत, तर न दाखवताच भागवू, असं त्याने आणि दिग्दर्शक जॅक टर्नरने ठरवलं. रात्रीच्या सुनसान रस्त्यावरून एक बाई चालली आहे, मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतोय. दिवा, अंधार, दिवा, अंधार. मग मागच्या टाचा थांबतात. नुसत्या थांबतात. पुढची मागे वळून बघते तर कुणी नाही. ती पावलं उचलते, आणि—

इथे माझा भाऊ खुर्चीतून उडाला. पडद्यावर आली ती फक्त एक बस, ब्रेकचा फुत्कार टाकत. आजचे भयपट दर दहा मिनिटांनी जो फसवा धक्का देतात त्याचं हे मूळ, आणि सिनेमावाल्यांमध्ये या युक्तीला अजूनही 'लुटन बस' म्हणतात. त्याने ते दृश्य मागे नेऊन तीनदा पाहिलं. धक्का बसमुळे बसत नाही, टाचा थांबल्यापासून त्याची तयारी चालू असते, हे त्याचं त्यालाच सापडलं. मी काही बोलले नव्हते.

बोलले ती चूक पुढच्या सिनेमाच्या वेळी केली. 'द हाँटिंग'चा दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ हा लुटनच्याच हाताखाली तयार झालेला. या सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. भिंतीपलीकडून धडका, फुगणारं दार, बस्स. त्यात एक जागा आहे: नायिका एलेनॉर अंधारात मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडली आहे, भिंतीतून कुजबुज ऐकू येतेय. दिवा लागतो तर मैत्रीण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. मग हात कुणाचा होता? मला ती जागा इतकी आवडते की राहवलं नाही आणि मी म्हटलं, "आता हाताकडे लक्ष दे." झालं. त्याने हाताकडे लक्ष दिलं, दोन आणि दोन चार केले आणि दिवा लागायच्या आत उत्तर सांगून मोकळा झाला. तो सिनेमा त्याला 'ठीक' वाटला. याचा दोष सर्वस्वी माझा आहे. जुन्या सिनेमाच्या चाहत्यांना ही खोडच असते, आपण पोहोचलो तिथे दुसऱ्याला बोट धरून न्यायचं. नव्या सिनेमाच्या बाबतीत आपण असं कधी करत नाही, उलट कुणी केलं तर भांडतो.

त्यानंतर मी तोंडाला कुलूप लावलं.

'टेक्सास चेनसॉ मॅसॅकर'बद्दल एवढंच की नावावरून त्याला रक्ताचा सडा अपेक्षित होता आणि रक्त जवळजवळ दिसलंच नाही, तरी त्याला सर्वांत जास्त त्रास झाला तो याचाच. 'ड्रॅक्युला' त्याने पूर्ण पाहिला आणि कंटाळला. याबाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. किल्ल्यातली पहिली वीस मिनिटं सोडली तर तो रंगमंचावरून उतरवलेला सिनेमा आहे, माणसं दिवाणखान्यात उभी राहून बोलतात, आणि सुरुवातीच्या पाटीनंतर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. त्याच सेटवर रात्रपाळीत दुसऱ्याच नटांना घेऊन स्पॅनिश 'ड्रॅक्युला' चित्रित होत होता. कॅमेऱ्याची हालचाल त्यात अधिक मोकळी आहे. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी मात्र इंग्रजीकडेच. अभिजात म्हणून सगळं डोक्यावर घ्यायलाच पाहिजे असं कुठे आहे?

'फ्रँकेन्स्टाइन'ने मात्र त्याला गाठलं, आणि तेही भीतीने नव्हे. तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसाला फुलं देते, दोघं मिळून ती पाण्यावर सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर त्याला वाटतं मुलगीही तरंगेल. सेन्सॉरने हा शेवटचा तुकडा कापला होता, आणि कित्येक वर्षं लोकांनी पाहिलं ते एवढंच: राक्षस मुलीकडे हात नेतो, आणि नंतर बाप तिचं प्रेत हातांवर घेऊन गावातून चालतो. मधे काय घडलं असेल ते प्रेक्षकाच्या डोक्यावर सोडलेलं, म्हणजे कापल्यामुळे प्रसंग आणखी घाणेरडा झाला. तुकडा परत जोडला गेला १९८०च्या दशकात. राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफचा तो गोंधळलेला, घाबरून पळणारा चेहरा पाहिल्यावर भाऊ म्हणाला, "याला कुणीतरी आधी समजवायला हवं होतं." मग बराच वेळ काही बोलला नाही.

सायको

जवळजवळ दोन महिने गेल्यावर त्याने स्वतःहून 'सायको' काढला. मला यात सर्वांत जास्त शंका होती. बाकीच्यांची ऐकीव माहिती तुटक होती. याची मात्र संपूर्ण. न्हाणीघराचा प्रसंग पाऊण मिनिटाचा, त्यासाठी कॅमेरा अठ्ठ्याहत्तर वेळा मांडला, दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं आणि संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी करून ऐकवलं, सिनेमा सुरू झाल्यावर प्रेक्षकांना आत सोडू नका अशी थिएटरांना ताकीद होती. एवढं माहीत असताना उरतं काय?

उरली ती आधीची पाऊण तासाची गोष्ट. मेरियन पैसे घेऊन निघते. रस्त्याकडेला गाडीत झोपते, काळा चष्मा घातलेला पोलीस काचेवर टकटक करतो. तो तिला काही विशेष म्हणतच नाही, तरी भाऊ पुढे सरकून बसला. जुन्या गाड्यांच्या आवारात ती घाईघाईने गाडी बदलते आणि पोलीस समोर उभा राहून नुसता बघतो. न्हाणीघराची वाट बघत बसलेला हा मुलगा न्हाणीघर विसरला होता. तो पैशांच्या काळजीत होता.

प्रसंग आला तेव्हा तो दचकला नाही. "हं," म्हणाला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. त्याला धरलं ते नंतरच्या दहा मिनिटांनी. मोटेल चालवणारा नॉर्मन फरशी पुसतो. बादली, फडकं, कोपरे, सगळं सावकाश, एकही शब्द नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पैसे न पाहताच तो गाडीत टाकतो. गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडत जाते, बुडत जाते, आणि मधेच थांबते. पांढरं टपाचं टोक वर.

"जा ना," माझा भाऊ पडद्याला म्हणाला.

मग गाडी गेली, आणि त्याने सुस्कारा सोडला, आणि लगेच माझ्याकडे बघितलं. आपण कुणाच्या बाजूने होतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. हा क्षण कुठल्याही छोट्या क्लिपमध्ये नसतो. कारण तो पडद्यावर घडत नाही. आधीचा सगळा तास बसून काढलेल्या माणसातच तो घडतो.

'नोस्फेरातू' त्यानंतरच्या आठवड्यात पाहिला, रंग लावलेली नीट प्रत, मूळ संगीत पुन्हा जुळवलेलं. निळ्या रात्रीतून ऑर्लोक शवपेटी घेऊन चालला, आणि या वेळी कुणाला हसू आलं नाही.

शिल्लक

चार महिन्यांत अकरापैकी आठ झाले. 'कॅलिगरी'ला अजून हात लावलेला नाही. त्यातल्या सावल्यासुद्धा सेटवर रंगवलेल्या आहेत एवढं सांगून मी गप्प बसले आहे. 'इनोसंट्स' आम्ही मुद्दाम थांबवला, कारण त्याच्याकडची प्रत दोन्ही बाजूंनी कापलेली निघाली. तो सिनेमा रुंद पडद्यासाठी बांधलेला आहे आणि त्यातली भुतं बऱ्याचदा दूर, चौकटीच्या कडेला उभी असतात. कडाच नसतील तर नायिका कशाला घाबरतेय हेच कळणार नाही. अर्ध्या तासात त्याने तो बंद केला होता यात आश्चर्य नाही.

राहिला 'एक्झॉर्सिस्ट'. त्याच्याबद्दल तो दर वेळी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचा. प्रत उत्तम, लांबीची अडचण नाही, रंगीत आहे. मला वाटलं, शेवटचा म्हणून राखून ठेवला असेल. परवा रात्री फोन आला. म्हणाला, लहान असताना शेजारच्या खोलीत मोठी माणसं तो बघत होती, दार बंद होतं, आणि दारातून त्याला फक्त आवाज ऐकू आला होता. चित्र काहीच नाही, नुसता आवाज. यादीतल्या दहा सिनेमांबाबत त्याने जी कारणं दिली होती त्यातलं एकही या अकराव्याला लागू नव्हतं.

"तो आवाज त्या मुलीचाच होता का?" त्याने विचारलं.

"नाही. मर्सिडीज मॅककेंब्रिज नावाची मोठी नटी होती. स्टुडिओत बसून काढलेला आवाज."

बराच वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, "रविवारी दुपारी बघू या. खिडक्या उघड्या ठेवून. आणि आवाज जरा कमी ठेवू, चालेल?"

मी चालेल म्हटलं.